शिलेवर सुचलेली योजना, शिलेसाठी आखलेली योजना

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



कोणत्याही संस्थेच्या वार्षिक बैठकीचे इतिवृत्त उघडून पाहावे. त्यात संकल्पांना तोटा नसतो. 'येत्या वर्षात सर्व वस्त्यांपर्यंत काम पोहोचविण्यात येईल', 'स्वतःची वास्तू उभी करण्यात येईल', 'निधी संकलनाला गती देण्यात येईल' अशी वाक्ये पानापानावर आढळतात. त्याच्या पुढच्या वर्षीचे इतिवृत्त उघडले की तेच संकल्प किंचित शब्दभेदाने पुन्हा भेटतात. मधल्या बारा महिन्यांत कार्यकर्ते झोपले होते असे नाही. बैठका झाल्या, प्रवास झाले, उत्सव थाटात पार पडले. पण अमुक काम अमुक माणसाने अमुक दिवसापर्यंत करावयाचे, त्यासाठी अमुक व्यक्तीला भेटावयाचे, तिथे नकार मिळाला तर दुसरे कोणते दार ठोठावावयाचे, याचा विचार कोणी केलाच नव्हता. उत्साहाला योजनेची जोड नसली म्हणजे तो पहिल्या पावसातील ओढ्यासारखा धावतो आणि चार दिवसांत आटतो.

कार्ययोजना म्हटले की आजकाल व्यवस्थापनशास्त्राची पुस्तके, तक्ते आणि भिंतीवरची चित्रे डोळ्यांपुढे येतात. त्या साधनांना नावे ठेवण्याचे कारण नाही; त्यांचा उपयोग होतो. परंतु सामाजिक कार्याला लागणारे नियोजन कारखान्यातील नियोजनाहून वेगळे असते. तिथे माणसे पगारावर असतात, आज्ञा चालते, यंत्राला मन नसते. इथे बहुतेक माणसे स्वेच्छेने आलेली, घरसंसार सांभाळून वेळ देणारी, आणि प्रत्येकाचा स्वभाव निराळा. शिवाय ज्यांच्या सहकार्यावाचून काम पुरे व्हायचे नाही, अशी पुष्कळ माणसे संघटनेच्या बाहेरची, क्वचित विरोधातलीही असतात. त्यांनाही योजनेत स्थान द्यावे लागते. याचा वस्तुपाठ पाहावयाचा तर परदेशी पुस्तकांकडे वळण्याआधी आपल्याच देशाच्या दक्षिण टोकाकडे पाहावे. कन्याकुमारीचे विवेकानंद शिलास्मारक हा तो वस्तुपाठ, आणि त्याचे कर्ते एकनाथजी रानडे हे महाराष्ट्रातील अमरावती जिल्ह्याचे सुपुत्र.

या शिलेचे आणि योजनेचे नाते तसे जुने आहे. १८९२ च्या डिसेंबरात, परिव्राजक अवस्थेत सारा भारत पालथा घालून स्वामी विवेकानंद कन्याकुमारीस पोहोचले आणि २५, २६ व २७ डिसेंबर हे तीन दिवस किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर समुद्रात असलेल्या त्या शिलेवर ध्यानस्थ बसले. देवी कन्याकुमारीने जिथे तप केले, जिथे तिच्या चरणाची खूण आहे अशी लोकश्रद्धा आहे, तीच ही श्रीपादशिला. पुढे १८९४ च्या मार्चमध्ये अमेरिकेहून आपले गुरुबंधू स्वामी रामकृष्णानंद यांना लिहिलेल्या पत्रात स्वामीजींनी या दिवसांचा उल्लेख केला आहे. भारताच्या त्या शेवटच्या खडकावर आपल्याला साक्षात्कार झाला असे ते लिहीत नाहीत. तिथे बसून आपल्याला एक योजना सुचली असे ते लिहितात. देशभर हिंडणारे संन्यासी तत्त्वज्ञान शिकवितात. त्यांतील काही निःस्वार्थ जणांनी गावोगाव जाऊन दीनदुबळ्यांना विद्या दिली तर कालांतराने देश उभा राहील, असा तिचा आशय होता. आणि लगेच पुढचा विचार आहे तो साधनांचा : यासाठी आधी माणसे हवीत, मग पैसा. ध्येय, कार्यपद्धती, मनुष्यबळ आणि निधी, हा क्रमही लक्षात घेण्यासारखा आहे. रामकृष्ण मिशनची स्थापना १ मे १८९७ रोजी झाली. सुचलेल्या योजनेला संस्थेचे रूप येण्यास चार वर्षांहून अधिक काळ गेला, आणि त्यातील बराच काळ स्वामीजींनी परदेशात राबून घालविला. एका बैठकीत योजना आखून दुसऱ्या बैठकीत तिचे फळ मागणाऱ्यांनी हा कालावधी ध्यानात ठेवावा.

भग्न शिलालेख

१९६३ हे स्वामीजींच्या जन्मशताब्दीचे वर्ष. त्या शिलेवर त्यांचे स्मारक व्हावे अशी इच्छा कन्याकुमारी परिसरातील अनेकांच्या मनात आधीपासूनच होती आणि त्यासाठी समितीही स्थापन झाली होती. नायर सर्व्हिस सोसायटीचे संस्थापक मन्नत्तु पद्मनाभन यांच्यासारखे ज्येष्ठ समाजनेते तिचे अध्यक्ष होते. परंतु १९६२ मध्येच तेथील काही ख्रिस्ती मच्छिमारांनी शिलेवर क्रूस उभारला. ही शिला विवेकानंदांची की सेंट झेवियरची, असा वाद पेटला. चौकशी झाली, क्रूस हटला, पण गावात तणाव राहिला आणि जमावबंदी लागू झाली. १७ जानेवारी १९६३ रोजी शासनाच्या अनुमतीने एक शिलालेख तिथे बसविण्यात आला. मेच्या मध्यास एका रात्री तो फोडून समुद्रात फेकून देण्यात आला.

त्या क्षणी तेथील कार्यकर्त्यांच्या मनाची अवस्था काय झाली असेल याची कल्पना कोणालाही करता येईल. अपमान उघड होता, संताप न्याय्य होता. मोर्चे काढता आले असते, हाकाटी करता आली असती, आणि कदाचित दुसऱ्या रात्री त्याहून भीषण प्रकार घडला असता. अशा वेळी संघटना दोन प्रकारे वागू शकते. जे मोडले त्याचा सूड हे तिचे उद्दिष्ट बनते, किंवा जे उभारावयाचे आहे त्यावर तिचे डोळे स्थिर राहतात. पहिल्या प्रकारात माणसे चटकन गोळा होतात आणि तितक्याच चटकन पांगतात. दुसऱ्यासाठी योजक लागतो. कन्याकुमारीच्या समितीतील कार्यकर्ते, त्यांत दक्षिणेत प्रचारक म्हणून गेलेले नागपूरचे दत्ताजी डिडोळकर हेही होते, यांनी हे ओळखले की प्रश्न आता स्थानिक राहिलेला नाही. सरसंघचालक श्रीगुरुजींपाशी मागणी गेली, आणि त्यांनी एकनाथजींना या कामात लक्ष घालण्यास सांगितले.

निवड विचारपूर्वक होती. १९ नोव्हेंबर १९१४ रोजी टिमटाळा येथे जन्मलेले आणि नागपुरात शिकलेले एकनाथजी १९३८ मध्ये महाकोशलात प्रचारक म्हणून गेले. १९४८ च्या संघबंदीच्या काळात भूमिगत राहून सत्याग्रहाची सूत्रे सांभाळणाऱ्यांत ते होते, आणि १९५६ ते १९६२ अशी सहा वर्षे त्यांनी संघाचे सरकार्यवाहपद सांभाळले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे शताब्दीच्या निमित्ताने स्वामीजींचे समग्र वाङ्मय बारकाईने वाचून त्यांनी त्यातील विचारांचे एक इंग्रजी संकलन नुकतेच सिद्ध केले होते. ज्याचे स्मारक उभारावयाचे त्याचे मन आधी वाचून झाले होते. हा योगायोग नव्हे, ही पूर्वतयारी होय. एकनाथजींना कोणी स्थापत्याचे ज्ञान विचारले नाही; ते त्यांना नव्हतेही.

अडथळा कोठे आहे?

समितीचे संघटनमंत्री म्हणून सूत्रे हाती घेतल्यावर एकनाथजींनी जे पहिले काम केले ते दिसावयास अगदी साधे आहे. अडथळा नेमका कोठे आहे हे त्यांनी शोधून काढले. सामान्यतः सर्वांचा समज असा होता की अडथळा गावातील विरोधकांचा आहे. एकनाथजींच्या लक्षात आले की तो दोन कार्यालयांत आहे. मद्रास राज्याचे मुख्यमंत्री भक्तवत्सलम् हे शिलेवर मोठे स्मारक होऊ देण्यास तयार नव्हते, आणि केंद्रातील सांस्कृतिक विषयाचे मंत्री हुमायून कबीर यांचे म्हणणे असे की बांधकामाने शिलेचे नैसर्गिक सौंदर्य नष्ट होईल. या दोघांनी होकार दिल्याखेरीज एक दगडही हलणार नव्हता. आणि दोघांनी होकार दिला तर गावातील वाद आपोआप शमण्याचा संभव होता. शेकडो सभा घेऊन जे साधले नसते ते या एका निदानाने साधले. वैद्यकात म्हणतात तसे, निदान चुकले की औषध कितीही उत्तम असले तरी व्यर्थ.

पुढची पायरी अधिक मार्मिक आहे. कबीर दिल्लीत बसत; पण एकनाथजी प्रथम कोलकात्याला गेले. कारण कबीर हे बंगालमधून निवडून आलेले, आणि विवेकानंद हे बंगालच्या हृदयातील नाव. बंगालच्या सुपुत्राच्या स्मारकाला बंगालचाच मंत्री विरोध करतो, ही वार्ता तेथील वृत्तपत्रांत आली तेव्हा बंगाली जनमत ढवळून निघाले. आपला स्मारकाला विरोध नाही, असे म्हणण्याची वेळ कबीर यांच्यावर आली. या घटनेत कोठे मोर्चा नाही, घेराव नाही, एक कठोर शब्द नाही. ज्या माणसाचा निर्णय बदलावयाचा तो कोणाला उत्तरदायी आहे, एवढाच प्रश्न विचारला गेला आणि त्याचे उत्तर जिथे होते तिथे कार्यकर्ता स्वतः गेला.

मग दिल्ली. लालबहादूर शास्त्री त्या वेळी कामराज योजनेनुसार मंत्रिपदाबाहेर होते. एकनाथजींनी त्यांची भेट घेतली, ज्येष्ठ लोकनायक बापूजी अणे यांचे मार्गदर्शन घेतले. पंडित नेहरूंना थेट गळ घालण्याऐवजी संसद सदस्यांच्याच सह्यांचे निवेदन त्यांच्यापुढे ठेवावे असा विचार ठरला. अधिवेशन चालू होते. एकनाथजींनी तीन दिवसांत ३२३ खासदारांच्या सह्या मिळविल्या. त्यांत काँग्रेसचे होते, विरोधी पक्षांचे होते, उत्तरेचे होते, दक्षिणेचे होते. आकडा सहज उच्चारला जातो, पण दिवसाला शंभराहून अधिक सह्या याचा अर्थ काय ते ज्यांनी आपल्या गल्लीतील पन्नास घरांच्या सह्या गोळा केल्या आहेत त्यांना विचारावे. प्रत्येक खासदाराला कोणत्या वेळी, कोठे गाठावयाचे, कोणाच्या ओळखीने गाठावयाचे, कोणी आधी सही केली म्हणजे दुसरा निःशंक होईल, याची मांडणी आधीच झालेली असल्याखेरीज तीन दिवस पुरले नसते. धावपळ त्या तीन दिवसांची होती; विचार त्याच्या कितीतरी आधीचा होता.

निवेदन पाहून नेहरूंनी स्मारकाला अनुकूलता दर्शविली, आणि मद्रासच्या मुख्यमंत्र्यांनाही आपला पवित्रा बदलावा लागला.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. समाजकार्यात वावरणाऱ्या काही मंडळींना अशी पद्धत मनातून रुचत नाही. ज्यांच्याशी वैचारिक मतभेद आहेत त्यांच्या दारी जाणे, त्यांच्या सहीला मान देणे, त्यांना श्रेय घेऊ देणे, यांत त्यांना तत्त्वाशी तडजोड वाटते. वास्तविक एकनाथजींनी कोणते तत्त्व सोडले? स्मारक विवेकानंदांचेच झाले, त्याच शिलेवर झाले. १९४८ मध्ये ज्या शासनाने बंदी घातली, त्याच पक्षाच्या शासनाकडून पंधरा वर्षांनी अनुमती मिळविताना त्यांनी जुन्या जखमा कोणाला दाखविल्या नाहीत. उद्दिष्टावर अचल आणि मार्गावर लवचिक राहणे हा गुण दुर्मीळ आहे. बहुधा याच्या उलट आढळते.

पंधरा फुटांपासून

अनुमती मिळाली, पण ती किती? मुख्यमंत्र्यांनी प्रथम मान्य केले ते पंधरा फूट लांब व पंधरा फूट रुंद असे छोटेसे मंदिर. दुसऱ्या कोणी ही अनुमती अपमानास्पद म्हणून नाकारली असती, किंवा जे मिळाले ते पदरात पाडून घेऊन समाधान मानले असते. एकनाथजींनी यांतले काहीच केले नाही. शिलेचा विस्तार आणि स्मारकाची उंची यांचे प्रमाण काय असावे, त्यात ध्यानासाठी जागा असावी की नसावी, देवीच्या श्रीपादाचे काय, या सर्व प्रश्नांवर त्यांनी जाणकारांची मते घेतली. कांची कामकोटी पीठाचे परमाचार्य श्री चंद्रशेखरेंद्र सरस्वती यांच्यापुढे आराखडा ठेवून त्यांची संमती घेतली. भक्तवत्सलम् यांच्या मनात परमाचार्यांविषयी नितांत आदर होता. आचार्यांनी मान्य केलेला आराखडा मुख्यमंत्र्यांपुढे गेला आणि पंधरा फुटांचे मंदिर सुमारे १३० फूट लांब व ५६ फूट रुंद अशा मंडपात रूपांतरित झाले. स्थपती एस. के. आचारी यांच्या देखरेखीखाली विवेकानंद मंडप आणि श्रीपाद मंडप अशी रचना ठरली. सभामंडपातील स्वामीजींचा पुतळा मुंबईचे शिल्पकार सोनवडेकर यांनी घडविला.

म्हणजे पुन्हा तेच. निर्णय घेणारा कोण, आणि त्याचे मन कोणाच्या शब्दाने वळते? कबीर यांच्या बाबतीत ते बंगालचे जनमत होते, नेहरूंच्या बाबतीत संसद, भक्तवत्सलम् यांच्या बाबतीत परमाचार्य. तीन कुलुपांना तीन किल्ल्या. एकच किल्ली जोर लावून तिन्ही कुलुपांत फिरविण्याचा हट्ट केला असता तर किल्ली मोडली असती.

एक रुपयाचे मोल

आराखडा वाढला तसा खर्चही वाढला. काही लाखांच्या कल्पनेपासून सुरू झालेला हा अंदाज शेवटी सुमारे एक कोटी पस्तीस लाख रुपयांवर पोहोचला. १९६० च्या दशकातला हा पैसा. त्या दशकाने दोन युद्धे पाहिली, दुष्काळ पाहिला, रुपयाचे अवमूल्यन पाहिले. धान्यासाठी देश परदेशी जहाजांकडे डोळे लावून बसला होता. अशा वेळी समुद्रातील एका खडकावर एवढा खर्च कशाला, असा प्रश्न विचारणारे असणारच, आणि तो प्रश्न अगदीच गैरलागू म्हणता येणार नाही.

एकनाथजींनी त्याला भाषणाने उत्तर दिले नाही. निधी संकलनाच्या पद्धतीनेच दिले. चार-दोन धनवंतांकडून रक्कम घेऊन काम उरकणे अशक्य नव्हते. त्यांनी एक रुपयाची पत्रके छापून घेतली. त्यावर स्मारकाचे चित्र होते. एक रुपया देणाऱ्याच्या हाती ते पत्रक पडे. विद्यार्थी, शिक्षक, कारकून, शेतकरी, गिरणी कामगार, ज्याला जमेल त्याने एक रुपयापासून पुढे द्यावे. सुमारे तीस लाख देशवासीयांनी आपला वाटा दिला. हिशेबाच्या दृष्टीने पाहता एकेक रुपया गोळा करणे हा महाग व्यवहार आहे. पत्रक छापावे लागते, ते घरोघर न्यावे लागते, पैसे मोजून, बांधून, पावतीसह वर पाठवावे लागतात. कोणताही हिशेबनीस म्हणेल की शंभर धनिक गाठणे यापेक्षा स्वस्त. परंतु स्मारक उभारणे हे या संकलनाचे अर्धेच उद्दिष्ट होते. कार्यकर्ता ज्या घरी रुपया मागावयास जाई त्या घरी तो विवेकानंदांविषयी बोलल्याशिवाय परतू शकत नसे. ज्याने रुपया दिला त्याचे शिलेशी नाते जडले. 'माझा रुपया त्यात आहे' असे म्हणणारी माणसे पुढे आयुष्यात केव्हा तरी कन्याकुमारीस जाणार, मुलाबाळांना घेऊन जाणार, हे त्यात गृहीत होते. ज्या हजारो तरुणांनी ही पत्रके खपविली त्यांच्यासाठी तर तो प्रशिक्षणवर्गच ठरला.

राज्यांच्या सरकारांकडेही एकनाथजी स्वतः गेले. पक्षोपपक्षांचा विचार न करता मुख्यमंत्र्यांना भेटले. ख्रिस्तीबहुल नागालँडचे तत्कालीन मुख्यमंत्री होकिशे सेमा यांनीही स्मारकाला साहाय्य केले, ही घटना विशेष लक्षणीय आहे. ज्या वादाचा आरंभ शिलेवरच्या क्रुसापासून झाला त्या वादाचे उत्तर म्हणून याहून अधिक बोलके दुसरे काय असू शकते? स्मारक हे कोणा एका पंथाचे विजयचिन्ह नसून राष्ट्राचे आहे, हे सांगण्यासाठी एकनाथजींना व्याख्यान द्यावे लागले नाही. देणगीदारांच्या यादीनेच ते सांगितले.

पैशाच्या बाबतीत आणखी एक सवय सांगण्याजोगी आहे. सार्वजनिक पैशाचा हिशेब चोख ठेवणे आणि पत्राला पत्राने उत्तर देणे. स्मारकाचा पत्रव्यवहार प्रचंड होता, आणि तो जतन केला गेला. पाठपुराव्याचा खरा अर्थ हा आहे. 'आठवण करून दिली होती' असे म्हणणारा कार्यकर्ता आणि केव्हा, कोणत्या पत्राने आठवण दिली व त्याला काय उत्तर आले हे दाखविणारा कार्यकर्ता यांत अंतर असते.

खडकावरचे दिवस

प्रत्यक्ष बांधकाम ६ नोव्हेंबर १९६४ रोजी सुरू झाले. किनाऱ्यावर दगड घडवावयाचे, टनावारी वजनाचे ते दगड तराफ्यांतून न्यावयाचे आणि लाटांच्या माऱ्यात शिलेवर उतरवून घ्यावयाचे. त्यासाठी आधी किनाऱ्यावर आणि शिलेवर धक्के बांधावे लागले. वीज नाही, गोडे पाणी नाही, उभे राहावयास धड सपाट जागा नाही. पावसाळ्यात समुद्र खवळला की ये-जा थांबे. सुमारे साडेसहाशे कारागीर व कामगार जवळजवळ सहा वर्षे या कामावर होते. या कामगारांविषयी फारसे कोठे लिहिलेले आढळत नाही, ही आपल्या इतिहासलेखनाची नेहमीची उणीव.

मध्यंतरी १९६७ मध्ये राज्यात सत्तांतर झाले. काँग्रेस गेली, द्रविड मुन्नेत्र कळघम आला. ज्यांच्याशी सगळ्या वाटाघाटी झाल्या, ज्यांनी अनुमतीवर सही केली, ते सत्तेतून दूर झाले. आणि जे आले त्यांची परंपरा अशी की मंदिर, मूर्ती, पुरोहित या शब्दांनीच त्यांच्या कपाळाला आठी पडावी. पुष्कळ योजना नेमक्या अशा वळणावर कोसळतात, कारण त्या एका अनुकूल व्यक्तीवर बेतलेल्या असतात. शिलास्मारकाचे काम थांबले नाही. ते कोणा पक्षाच्या कृपेवर उभे नव्हते. सर्व पक्षांच्या खासदारांच्या सह्या, कांचीच्या आचार्यांची संमती, आणि लक्षावधी लोकांचा एकेक रुपया त्याच्यामागे होता. नव्या शासनाशीही एकनाथजींनी तितक्याच सहजतेने संबंध जोडले. २ सप्टेंबर १९७० रोजी राष्ट्रपती वराहगिरी वेंकटगिरी यांच्या हस्ते स्मारकाचे उद्घाटन झाले तेव्हा समारंभाचे अध्यक्षस्थान द्रमुकचे मुख्यमंत्री करुणानिधी यांनी भूषविले. रामकृष्ण मठाचे अध्यक्ष स्वामी वीरेश्वरानंद यांच्या हस्ते प्रतिष्ठापना झाली. उद्घाटनाचा सोहळा एका दिवसात आटोपता आला असता. तो जवळजवळ दोन महिने चालला, प्रांताप्रांतांतून माणसे येत राहिली. ज्यांनी रुपया दिला होता त्यांच्यापैकी काहींना तरी आपले स्मारक पाहता यावे, ही त्यामागील दृष्टी.

ध्येय गाठल्यावर

संघटनेच्या जीवनातील सर्वांत अवघड दिवस कोणता? पराभवाचा नव्हे. उद्दिष्ट साध्य झाल्यानंतरचा दुसरा दिवस. मांडव उतरविलेला असतो, सत्कार झालेले असतात, आणि इतकी वर्षे एका दिशेने धावलेल्या माणसांपुढे अकस्मात मोकळे मैदान असते. अनेक समित्या इथेच विरतात, काही भांडतात, काही केवळ वर्धापनदिन साजरे करण्यापुरत्या उरतात. मंदिर बांधून झाल्यावर विश्वस्तांच्या वादात अडकलेली उदाहरणे गावोगाव आहेत आणि त्यांची नावे घेण्याची आवश्यकता नाही.

एकनाथजींनी याचाही विचार आधीच केला होता. दगडाचे स्मारक हा त्यांच्या दृष्टीने योजनेचा पहिला भाग. स्वामीजींना शिलेवर जी योजना सुचली तिच्यात आधी माणसे होती, हे ते विसरले नव्हते. सेवेला आयुष्य वाहणारी गृहत्यागी तरुण मुले-मुली घडविणारी संस्था, म्हणजे जिवंत स्मारक, हा दुसरा भाग. ७ जानेवारी १९७२ रोजी विवेकानंद केंद्राची स्थापना झाली. स्मारकासाठी जोडलेली माणसे, प्रांतोप्रांतीचे संपर्क, लोकांचा विश्वास, हे सारे भांडवल नव्या कामाला मिळाले. १९७३ मध्ये जीवनव्रती कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण सुरू झाले. १९७७ पासून दूरच्या अरुणाचल प्रदेशात केंद्राच्या निवासी शाळा उभ्या राहू लागल्या. ज्या भागात रस्ता नाही तिथे भारताच्या दक्षिण टोकाहून शिक्षक जाऊन राहिले.

अर्थात दोन कामांत फरक होता, आणि तो प्रामाणिकपणे पाहिला पाहिजे. स्मारकाला अंत होता. अमुक दिवशी कळस चढला की काम पुरे. त्यामुळे त्याची योजना मोजता येत होती. माणसे घडविण्याला असा कळस नाही. जीवनव्रती किती आले हे मोजता येते. किती टिकले, कसे घडले, हे आकड्यांत मावत नाही. स्मारकाला सहा वर्षांत जे यश दिसले तसे झगमगते यश केंद्राला मिळाले नाही, मिळणारही नव्हते. म्हणून त्या काळात एकनाथजींच्या शक्तीचा मोठा भाग प्रशिक्षणावर खर्च झाला. शिबिरार्थींपुढे त्यांनी शिलास्मारकाची कथा स्वतः तपशीलवार सांगितली. ती पुढे पुस्तकरूपाने आली. ती वाचताना जाणवते की आपला पराक्रम सांगावा हा तिचा हेतू नाही. कोणाला केव्हा भेटलो, का भेटलो, तो काय म्हणाला, मग दुसरी वाट कशी काढली, असा तो एखाद्या कारागिराने शागिर्दाला हत्यारांची ओळख करून द्यावी तसा तपशील आहे. ज्या कार्यकर्त्याकडे आपल्या वस्तीत एक अभ्यासिका काढण्याचे काम आहे, त्याने ती कथा वाचून आपल्या वहीत पहिल्या पानावर ध्येयवाक्य लिहिण्याऐवजी अडथळ्यांची यादी लिहावी : जागा कोणाची, ती देण्याचा अधिकार कोणाचा, त्याचा शब्द कोण मोडत नाही, त्या माणसाकडे कोणी जावयाचे आणि कोणत्या तारखेपर्यंत.

२२ ऑगस्ट १९८२ रोजी एकनाथजींचे निधन झाले. स्मारक पाहावयास येणाऱ्यांच्या नौका दुसऱ्या दिवशीही शिलेकडे जातच राहिल्या, आणि अरुणाचलातील शाळांत प्रार्थनेची घंटा नेहमीच्या वेळी झाली.